फायनलच्या आधी

बास्केटबॉलची सेमीफायनल संपत आली असताना ईप्सिता मागच्या मागे कोसळली. तिचं डोकं लाकडी फ्लोअरवर आपटल्याचा आवाज शुभदाला वर स्टँडमध्येसुद्धा ऐकू आला. मांडीवरच्या अन्वीने टाळ्या वाजवल्या. आत्याने गंमत केली, असं तिला वाटलं.

ईप्सिता लगेच उठली, हात झटकले, हसलीही. टीम जिंकली. जर्मनीतल्या उत्तरेकडच्या युनिव्हर्सिट्यांची ही हंगामाअखेरची स्पर्धा, हरलं की थेट घरी. आणि हॅम्बर्गच्या या पोरी पहिल्यांदाच फायनलला पोचल्या होत्या. उन्हाळ्यात ईप्सिताचं मास्टर्स संपणार, म्हणजे तिची ही शेवटचीच. पुण्यात सासूबाई शेजारपाजार गोळा करून स्ट्रीम लावून बसल्या होत्या. नवऱ्याला, उत्कर्षला, न्युरेम्बर्गहून निघता आलं नव्हतं, तेव्हा नणंदेच्या पाठीशी कुणीतरी हवं म्हणून शुभदा लेकीला घेऊन एकटीच आली होती.

मधल्या वेळात ईप्सिता वर येऊन बसली. अन्वीचा गालगुच्चा घेतला.

"पिल्लू जेवलं का गं, वहिनी?"

डबाभर वरणभात फस्त केलाय, शुभदाने सांगितलं. ईप्सिता पाणी प्यायली, बुटाची नाडी आवळली, मान वर केली, आणि त्याच सुरात म्हणाली, "पिल्लू जेवलं का गं?"

अन्वी रांगती असताना पलंगावरून डोक्यावर पडली होती, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कशाकशावर लक्ष ठेवायचं ते बजावून सांगितलं होतं. ते सगळं शुभदाला आता एकदम आठवलं. तिने उगाच विचारल्यासारखं केलं, सकाळी आपण इथे कशाने आलो गं.

"यू-बानने. का?"

सकाळी त्या तिघी मेट्रोने नाही, बोटीने आल्या होत्या. वाऱ्याने अन्वीची टोपी उडाली, ती ईप्सितानेच झेप घेऊन पकडली होती.

शुभदाने हळूच विषय काढला, तशी ईप्सिता बिथरली. काही झालेलं नाही, कुणाला बोलायचं नाही, असं दटावून ती खाली निघून गेली. उत्कर्ष फोन उचलेना. शेवटी शुभदाने सासूबाईंना लावला. त्या म्हणाल्या, दृष्ट लागलीये माझ्या लेकीला, मी इथूनच मीठमोहऱ्या ओवाळते. वर्षभर राबलीये ती, तू तिला अडवू नकोस.

"बरं, आई," शुभदा म्हणाली. लग्न झाल्यापासून ती हेच म्हणत आली होती.

खाली ईप्सिता शेवटची पायरी पायाने चाचपत उतरत होती. कठडा घट्ट धरून.

शुभदाने अन्वीला कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरायला लागली. आपण चुकलो तर ही पोरगी जन्मात आपल्याशी बोलणार नाही. आणि नाही चुकलो तर? त्याच्या पुढचा विचार तिच्याच्याने होईना. कोच केर्स्टिनसमोर ती आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, पण न थांबता बोलत राहिली. केर्स्टिनने ईप्सिताला बोलावलं, डोळ्यांसमोर बोट फिरवून बघितलं, दोन प्रश्न विचारले, आणि तिला बाकावर बसवून फोन काढला.

"तू माझी आई नाहीयेस, वहिनी," ईप्सिता म्हणाली. अगदी शांतपणे.

"नाहीये. असते तर खेळू दिलं असतं."

फायनल सुरू झाली. ईप्सिता पाठ फिरवून बसली होती. शुभदाच्या खिशात फोन थरथरत होता, सासूबाईच असणार. तिने काढला नाही. क्षणभर तिला वाटलं, देवा, मीच चुकलेली असू दे. खुशाल शिव्या देऊ दे मला सगळ्यांनी.

मग ईप्सिताचे खांदे सैल पडले. ती कलंडत शुभदाला टेकली.

"दिवे बंद करायला सांग ना. फार टोचतायत."

शुभदाने तिच्या डोळ्यांवर तळहात धरला. कपाळ गार पडलं होतं. अँब्युलन्स निघालीये, केर्स्टिन वाकून सांगून गेली.

"आत्या म्यूडे?" अन्वीने विचारलं.

"हो, दमलीये. पण आपण तिला झोपू द्यायचं नाही हं."

आणि मग शुभदा नणंदेशी बोलत राहिली, सुचेल ते. प्रत्येक वाक्यानंतर थांबायची, आणि ईप्सिताचा हुंकार येईपर्यंत श्वास रोखून धरायची.