गुरुसिद्धप्पाचं वेबसाईटवरचं मरण

दुधनीची तानाबाई रिक्षातून उतरली ती रडतच. सोलापुरात बाळीवेशीतल्या त्या बोळात दोन्ही बाजूंच्या बायका कामं टाकून दारात आल्या. तानाबाईच्या एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेला आमटी-भाताचा डबा आणि तोंडात एकच, "अण्णा गेला की गं! आमाला कळवलं बी न्हाय!"

राजाबाई तव्यावरची भाकरी तशीच सोडून बाहेर आली. तानाबाई तिची नणंद, आणि नणंदेचा हा अण्णा म्हणजे राजाबाईचा नवरा गुरुसिद्धप्पा. तो बिचारा आत पंख्याखाली बसून कडक भाकऱ्या पाकिटात भरत होता. रडारड ऐकून तोही उठून दारात आला. त्याला बघितल्याबरोबर तानाबाईच्या हातचा डबा सुटला आणि आमटी पायरीवरून खाली वाहिली.

"अय्यय्यो!" एवढंच म्हणून ती मटकन खाली बसली.

आता कुणी म्हणेल, आधी एक फोन करायचा की! अहो, मयताच्या घरी फोन लावून 'खरंच गेले का हो?' असं कुणी विचारतं का? बातमी कानावर आली की निघायचं. त्या घरात चूल पेटलेली नसणार म्हणून शिजवलेलं सोबत घेऊन निघायचं. तानाबाईनं रीत पाळली. तिची यात काय चूक?

पाणी पिऊन जरा दम खाल्ल्यावर तिनं पिशवीतून मोबाईल काढला. "वयनी, ह्यात लिवलंय. नातवानं वाचून दाखवलं सकाळी."

मोबाईलवर राजाबाईचाच फोटो होता. रंग काढून काळापांढरा केलेला, कपाळावरचं कुंकू पार पुसल्यासारखं. फोटोवर ही मोठाली अक्षरं: 'पती गेले, पण ती खचली नाही.' त्याखाली, 'पदरात लहान लेक, घरात अंधार आणि सोबतीला फक्त एक तवा...'

राजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही वेबसाईट काढायची टूम तिच्या लेकीची, अंकिताची. बीकॉम झाल्यापासून घरच्या धंद्याचं सगळं तीच बघायची. सात रस्त्यावर ऑफिस असलेल्या उदयसिंहाला तिनं काम दिलं. तो घरी आला, शेंगाचटणीसोबत चार भाकऱ्या हाणल्या, फोटो काढले आणि म्हणाला, "काकू, तुमचा प्रवास सांगा." राजाबाईनं आडपडदा न ठेवता सांगितला. यंत्रमाग कारखाना बंद पडला तेव्हा ह्यांनीच म्हटलं, तुझ्या हातची भाकरी विकू या. सायकलला पाटी बांधून हेच एसटी स्टँडवर उभे राहायचे. लाजले नाहीत की दमले नाहीत. उदयसिंह मान डोलवत होता. कशाला डोलवत होता देव जाणे, कारण ऐकलेलं सगळं त्यानं गटारात टाकलं होतं.

आणि मारलं कुणाला, तर गुरुसिद्धप्पाला! गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं, दवाखाना झाला, डॉक्टरांनी चुलीजवळ जायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून गडी मिटला. "मी आता जमेत न्हाय," म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. राजाबाईनं मुद्दाम पाकिटं भरायचं काम त्याच्या पुढ्यात सरकवलं. हळूहळू तो बसायला लागला, भाकरी मोडली तर कामाला येणाऱ्या पोरींवर ओरडायला लागला. नवरा ओरडला की राजाबाईला बरं वाटायचं. तेवढंच तिनं कमावलं होतं, आणि आता तेच हा पोरगा घालवायला निघाला होता.

"बोलव त्याला," ती अंकिताला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

उदयसिंह गाडीवरून आला तो हसतच. पायरीवरची आमटी चुकवून आत बसला.

"काकू, स्टोरी लागते हो. लोक मोबाईलवर बघतात, अंगठ्यानं सरकवत जातात. पहिल्याच ओळीत काळजाला हात घातला नाही, तर गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा."

"आन् म्हणून माझ्या मालकाच्या काळजाला घातलास व्हय रं? ते एकदा बंद पडता पडता ऱ्हायलंय!"

"तसं नाही काकू..."

"मग कसं? बघ हिकडं." तिनं मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. "ह्यो फोन नंबर. दाबला तर लागतोय का? न्हाय लागत. फोटोत छापून ठेवलाय. चष्मा लावून दुसऱ्या कागदावर उतरवायचा, मग फोन करायचा. भाकरी ज्वारीची का बाजरीची, किती दिस टिकती, कुटं मिळती, ते अंगठा झिजला तरी सापडत न्हाय. माणूस मारायला तुला जागा सापडली, भाकरीला न्हाय सापडली?"

उदयसिंहानं अंकिताकडं बघितलं. अंकिता खाली बघत होती.

"आई, मी वाचलं होतं," ती म्हणाली. "मीच हो म्हटलं. ऑर्डरी दुप्पट झाल्यात गं. पुण्यातून मागवतात, मुंबईतून मागवतात. मला वाटलं, अप्पा कुठं मोबाईल बघतात? कुणाला कळणार होतं?"

परक्यानं मारलं तर ओरडता येतं, पण पोटच्या पोरीनं बापाच्या मरणाला हो म्हटलं! तानाबाईनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात गुरुसिद्धप्पा बोलला. आवाज अगदी साधा होता, राग नव्हता त्यात.

"ऱ्हाऊ दे की गं. पोरीचा धंदा वाढतोय तर वाढू दे. न्हायतरी मी काय करतोय? असून नसल्यासारखाच हाय." हातातलं अर्धवट भरलेलं पाकीट त्यानं बाजूला ठेवलं आणि भिंतीला टेकला.

"तुमी गप बसा!" राजाबाई अशी कडाडली की बाहेरच्या बायका मागं सरल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "ह्यो कोण ठरवणार तुमी हाय का न्हाय ते? आन् तुमी कोण ठरवणार? म्या दवाखान्याच्या दारात बसून देवाकडं मागून आणलंय तुमाला, ह्येच्या वेबसाईटवर चढवायला न्हाय! धंदा बुडला तरी चालंल."

अंकिता बापाच्या पायाशी जाऊन बसली आणि हुंदके द्यायला लागली. "चुकलं अप्पा," एवढंच तिला म्हणता आलं.

मग राजाबाईनं उदयसिंहाला उठू दिलं नाही. त्यानं पिशवीतला लॅपटॉप काढला आणि तिथंच बसून सगळं बदललं. वर 'सोलापूरची कडक भाकरी', त्याच्याखाली दाबलं की लागणारा नंबर, मग ज्वारी-बाजरीचे भाव आणि घरचा पत्ता. फोटो दोघांचा, रंगीत, कुंकवासकट. आणि त्या नंबराचा फोन तिनं नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. "ऑर्डर आजपास्नं तुमी घ्यायच्या."

"ऑर्डरी कमी होतील हं काकू," जाताना उदयसिंह म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. गुरुसिद्धप्पानं दोनदा घसा खाकरून उचलला. पुण्याचे कुणी गृहस्थ होते. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"त्या ताई आहेत का? मागच्या आठवड्यात वाचलं मी. मिस्टर वारलेत ना त्यांचे?"

"मी त्यांचा मालकच बोलतोय," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"म्हणजे ते खोटं होतं? मग राहू द्या. निराधार बाईला हातभार म्हणून घेत होतो आम्ही."

गुरुसिद्धप्पाचं तोंड एवढंसं झालं. "बघ," तो हळूच म्हणाला, "माझ्यापायी ऑर्डर गेली."

राजाबाईनं पिठाच्या हातानंच फोन ओढून घेतला.

"दादा, ते लिवलेलं खोटं होतं, त्याची मी हात जोडून माफी मागते. पण भाकरी खरी हाय. भाकरी पायजे तर घ्या. तिच्यासंगं तोंडी लावायला माझ्या नवऱ्याचं मढं मिळणार न्हाय."

तिनं फोन ठेवला, पदरानं त्यावरचं पीठ पुसलं आणि तो परत नवऱ्याच्या हातात दिला.

"पुढचा वाजला की तुमीच उचलायचा."