भिंतीवरचा चहा

सावळीरामच्या मळ्यातल्या घराची एक भिंत चहाची होती. बांधली विटांचीच होती, पण चुलीसमोर असल्यामुळे चाळीस वर्षं कप फुटायला तीच सोयीची पडली. साखर कमी म्हणून कप, साखर जास्त म्हणून कप, गार म्हणून, पाणचट म्हणून. एकदा तर चहा फर्मास झाला म्हणून. “आज जमला, मग रोज काय धाड भरते?” पाहुण्यांना गोजराबाई सांगायची की भिंतीला ओल आलीय. ओल बशीच्या आकाराची कशी येते हे कोणी विचारलं नाही. मखमलाबाद रस्त्यावरच्या बऱ्याच मळ्यांत तसल्याच आकाराची ओल होती.

कपापाठोपाठ हातही यायचा. त्याला सासू पित्त म्हणायची आणि शेजारचे रावजीनाना शनी म्हणायचे. गोजराबाई काहीच म्हणायची नाही. ती फडकं घ्यायची.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला, ऐन झेंडूच्या तोडणीत, सावळीरामची लघवी अडली. पंचवटीतल्या डॉक्टरांनी नळी घातली, तपासण्या केल्या आणि प्रोस्टेटची गाठ असल्याचं सांगितलं. कॅन्सरची. कमरेच्या हाडाला थोडी पोचलेली.

“ही गाठ पुरुषी हार्मोनवर वाढते,” डॉक्टर म्हणाले. “हार्मोन म्हणजे शरीरातला एक रस समजा. त्याची रसदच तोडायची. छोटं ऑपरेशन आहे. दोन्ही वृषणं काढायची.”

सावळीरामनं आयुष्यात पुष्कळ गोऱ्हे धरून दिले होते. त्याला फोड करून सांगायची गरज पडली नाही.

“म्हंजी खच्ची करणार.”

“आम्ही तसं म्हणत नाही.”

“तुम्ही काय बी म्हणा. बैलाला इचारा तो काय म्हणतो.”

एरवी त्यानं डॉक्टरांच्या टेबलावरचा कपही भिंतीला लावला असता. पण नळी लावलेल्या माणसाचा आवाज फार चढत नाही. त्यानं अंगठा दिला. ऑपरेशन झालं, आणि वर तीन वेळची एक गोळी लिहून मिळाली. अंगात दुसरीकडून थोडा रस झिरपतो, त्यालाही गाठीपर्यंत पोचू द्यायचं नाही म्हणून.

आता योगायोग इतका उघडावाघडा की सांगायचीही लाज वाटते: त्यांची मुलगी सुवर्णा मुंबईला एका प्रयोगशाळेत कामाला होती, आणि तिचं काम ह्याच गाठीच्या पेशी वाढवण्याचं होतं. दिवाळीला ती घरी आल्यावर सावळीरामनं तिला खाटेशेजारी बसवून घेतलं.

“कोणाची गाठ वाढवते गं तू?”

“एका अमेरिकन माणसाची, अण्णा. त्याच्या गाठीतून काढलेल्या पेशी आहेत.”

“तो कसा हाय आता?”

“तो केव्हाच गेला.”

“आन् गाठ?”

“ती आहे. बाटलीत. तिला वासराच्या रक्तातलं पाणी घालते मी. कधी तसंच, कधी कोळशातून गाळून. कोळसा त्यातलं हार्मोन ओढून घेतो. मग पेशी उपाशी राहून काय करतात ते बघायचं.”

“काय करत्यात?”

“बऱ्याचशा मरतात.”

बऱ्याचशा म्हणजे सगळ्या नाहीत, हे ती बोलली नाही. सावळीरामनंही विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, “म्हंजी माणूस जातो आन् गाठीला पगारी माणूस ठिवत्यात.”

आणि हसला. गोजराबाई स्वयंपाकघरातून बघायला बाहेर आली. त्याचं हसू तिनं शेवटचं लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं, आणि तिथंही फोटोवाल्यानं दोनदा सांगितल्यावर.

गाठ उपाशी पडली आणि सावळीराम भलताच माणूस झाला. रक्ततपासणीतला गाठीचा आकडा खाली आला. आवाज खाली आला. अंग सैल पडलं, छाती जरा भरली. सकाळी तो बायांच्या घोळक्यात बसून झेंडूच्या माळा ओवू लागला. गोजराबाईला ‘ए’ सोडून नावानं हाक मारू लागला. पहिल्यांदा “गोजरा” ऐकलं तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं, दुसरी कोण आलीय म्हणून.

एका दुपारी त्याच्या अंगातून एकदम वाफा निघाल्या. थंडीत घामानं बंडी भिजली.

“गोजरा, हे काय होतंय गं? तुला व्हायचं का असं?”

“व्हायचं. पाळी जाताना.”

“मग बोलली नाय कधी.”

“बोलले होते. तुम्ही कप फेकला.”

त्यानं भिंतीकडं पाहिलं. पुढच्या आठवड्यात स्वतः चुना आणून भिंत रंगवली. चाळीस वर्षांच्या संसारात गोजराबाईला नवरा मिळाला तो असा, कॅन्सरच्या खात्यावर. ती कोणाला सांगायला गेली नाही. नवऱ्याला असला आजार आणि ही सुखात आहे, हे सांगणार कोणत्या तोंडानं? पण ती सुखात होती. तिन्ही वेळच्या गोळ्या ती स्वतः हातावर ठेवायची, आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

दीड वर्षानं आकडा परत चढला. सुवर्णा सोबत गेली. डॉक्टर म्हणाले, गोळी आजपासून बंद. हे ऐकून गोजराबाईनं विचारलं,

“आजार वाढला आन् औषध बंद?”

सुवर्णानं घरी आल्यावर अंगणात बसून समजावलं. “आई, आपण पिकात बुजगावणं लावतो ना, तशी ती गोळी होती. पाखरं दीड वर्ष भ्याली. आता त्यांनी बुजगावण्याच्या मडक्यात घरटं केलंय. गाठ बदललीय. त्या गोळीवरच जगायला शिकलीय. माझ्या बाटलीतल्या पेशी हेच करतात. गोळी काढली तर कधीकधी गाठ उतरते.”

“कधीकधी.”

“हो. कधीकधी.”

गोजराबाईला बुजगावणं कळलं. तिला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तिचा हिशेब वेगळा चालला होता. सावळीरामनं तिला आयुष्यात शिकवलेली एकच गोष्ट पक्की होती: गोऱ्हा वेळेवर ठेचून खच्ची केला तर गरीब निघतो. पुरता बैल झाल्यावर ठेचला तर त्याची रग जात नाही, शिंग उगारतोच. तिच्या माहेरी असल्या एका बैलानं तिच्या चुलत्याची बरगडी मोडली होती. आणि सावळीरामला तर साठी उलटल्यावर ठेचलेला. म्हणजे ऑपरेशननं तो गरीब झाला असणं शक्यच नव्हतं. मग राहिलं काय? गोळी.

गोळी बंद म्हणजे तो माणूस परत.

दुसऱ्या दिवसापासून चहात गोळी पडू लागली. तिन्ही वेळा, लाटण्यानं चुरून. ती भलती कडू होती, म्हणून गोजराबाई साखर वाढवायची, आलं किसायची, वेलदोडा टाकायची. पेला हातात देऊन ती दाराशी उभी राहायची, पेला भिंतीला लागला तर वाकायच्या तयारीनं. सावळीराम एक घोट घ्यायचा, जरा थांबायचा, आणि सगळा पिऊन टाकायचा. तिला वाटायचं, लागली गोळी लागू.

आकडा चढतच राहिला. डॉक्टर म्हणाले, काहींचा नाही उतरत. पावसाळ्यात सावळीरामला खुब्यावर भार देववेना. खाट आतल्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून आली. सुवर्णा रजा घेऊन घरी राहिली, आणि दुखण्याच्या गोळ्या आणायला मेडिकलवर गेली. दुकानदार यादव ओळखीचा. त्यानं दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि शेजारी आणखी एक पुडकं ठेवलं.

“आणि ह्या आईंच्या नेहमीच्या. आल्याच आहात तर घेऊन जा.”

सुवर्णा ते पुडकं हातात घेऊनच स्वयंपाकघरात आली. गोजराबाई चहा गाळत होती. चुरलेली गोळी वाटीत तयार होती.

“आई, काय आहे हे?”

गोजराबाईनं खोटं बोलायचा विचार केला. पण वाटी समोरच होती.

“हळू बोल. आत जागे हायेत.”

“किती दिवस घालतेयस?”

“बंद केल्यापासनं.”

सुवर्णा खालीच बसली. “अगं, खायला घालत होतीस तू गाठीला! मी मुंबईत घालते ते पगार घेऊन. तू...”

“मला काय हौस होती का? गोळी थांबली असती तर ते परत तसे झाले असते. तुझं बरं हाय, तू हॉस्टेलात होतीस.”

“त्या गोळीनं शांत नव्हते झाले ते! ऑपरेशननं झाले. गोळी असो नसो, तसेच राहिले असते.”

“मोठेपणी ठेचलेला बैल रग सोडत नाय.”

“आई, अण्णा बैल नाहीत!”

“हे तू मला सांगती?”

गोजराबाईनं चहा पेल्यात ओतला. वाटी बाजूला सारली. मग गोजराबाईनं हळूच विचारलं, “थांबवली असती तर?”

“उतरलाच असता असं नाही. पण उतरला असता तर काही महिने मिळाले असते. बरे.”

गोजराबाईनं मान हलवली. म्हणाली, “म्हंजी तो रस गेला आन् मारणं गेलं.”

“तसंच काहीतरी.”

“मग रावजीनानाला रस नव्हता? पाच पोरं झाली त्यांना. बायकोला कधी बोट लावलं नाय.”

सुवर्णानं हातातलं पुडकं चुरगाळलं. “त्याच्यावर आमच्याकडं काम होत नाही, आई.”

तेवढ्यात आतून खाट करकरली.

“गोजरा,” सावळीरामचा आवाज आला. “गोळी होती व्हय ती?”

गोजराबाई पेला हातात घेऊन दारात गेली. तिनं आज पहिल्यांदा नुसता चहा ओतला होता. “तुम्हाला कळत होतं?”

“कडू लागायचा. रोज. मला वाटलं, इख घालते.”

“काय?”

“म्हटलं, घालू दे. चाळीस वर्षांचं हाय, फेडायचं तर फेडू दे.”

“आन् तरी पीत होता? सांगायचं नाय? एक शब्द बोलायचा नाय?”

“बोलणार होतो. पहिल्याच दिवशी.” सावळीरामची नजर उघड्या दारातून पांढऱ्या भिंतीवर गेली. “पण चहाचं काय बोललो असतो, तर तू म्हणाली असती, आला परत. म्हणून पीत राहिलो.”

साखर कमी म्हणून, जास्त म्हणून, आणि चांगला झाला म्हणूनसुद्धा ह्या माणसानं कप फेकला होता. ज्या एका चहानं त्याचं आयुष्य पळवलं, तेवढा मात्र त्यानं शहाण्यासारखा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. चाळीस वर्षांत एकदाच फेकायला हवा होता.

गोजराबाईनं वळून पेला भिंतीवर मारला. सगळा जोर लावून. काचा सुवर्णाच्या पायापर्यंत आल्या. नव्या चुन्यावरून चहा सावकाश खाली ओघळू लागला.

आतली खाट पुन्हा करकरली. मग सावळीरामनं अगदी मऊ आवाजात विचारलं,

“का गं, साखर कमी झाली होती का?”