नववी चिप

दीपकनं मला दोनदा सांगितलं होतं, "ताई, रॅम लावायच्या आधी जुन्या पट्टीचा आणि नव्या पट्टीचा फोटो पाठवा. बोर्डाचं नावही पाठवा. खाच जुळली म्हणजे रॅम जुळली असं नसतं." दीपकचं मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी मनात म्हटलं, हा मेला मला शिकवतोय! मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात नऊ वर्षं तोच कॉम्प्युटर चालवतेय मी, त्याची सगळी नाटकं मला पाठ. माझ्या भावानं, फुजैलनं, दोह्याहून रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या फुकट पाठवल्या, म्हणून याच्या पोटात दुखतंय, दुसरं काय. नाही पाठवला फोटो.

त्या कॉम्प्युटरवर सोसायटीच्या होड्या दिसतात. होडीवरचं यंत्र दर थोड्या वेळानं आपली जागा पाठवतं, आमच्या छपरावरची एंटेना ती पकडते, आणि पडद्यावरच्या नकाशात होडीच्या नावाचा एक बाण सरकतो. त्यातला एक बाण माझ्या नवऱ्याचा. उमेर तांडेल आहे, चार खलाशी घेऊन होडी हाकतो. सकाळी ऑफिस उघडलं की मी आधी त्याचा बाण शोधते, मग पंखा लावते.

पण कॉम्प्युटर म्हातारा झालेला. दहा-दहा मिनिटं नकाशा तसाच गोठून राहायचा. बाण खरंच थांबलाय की कॉम्प्युटर अडकलाय, हेच कळायचं नाही, आणि माझा जीव टांगणीला. त्यासाठीच तर रॅम वाढवायची होती मला. माझी नियत वाईट नव्हती हो.

सप्टेंबरातला शुक्रवार होता. ऊन पडलेलं, वारा नाही, दोनपर्यंत सगळ्या होड्या परत येणार होत्या. अकरा वाजून चार मिनिटांनी मी कॉम्प्युटर बंद केला. पाच मिनिटांचं काम, असं धरून चालले होते मी.

माझे अब्बा, रशीद, तेव्हा ऑफिसातच होते. चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केली त्यांनी. आता हात कापतात, म्हणून सोसायटीच्या बाकावर बसून असतात. त्यांचा ग्रीसचा डबा मात्र सुटत नाही. समुद्रावरच्या बॅटरीला खार चढतो, टोकं हिरवी पडतात, म्हणून ते दिसेल त्या टोकाला ग्रीस फासतात. मोटारसायकल असो, इन्व्हर्टर असो. ऑफिसच्या इन्व्हर्टरला तर महिन्यातून दोनदा. आम्ही हसायचो त्यांना.

मी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, जुन्या दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या आणि फुजैलच्या लावल्या. खाच बरोबर तिथेच, वर जुन्यासारखंच डीडीआर थ्री लिहिलेलं, दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन बसल्या. मला वाटलं, बघ दीपक!

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. आणि आतून शिट्टी यायला लागली. तीन वेळा टूं, मग गप्प, पुन्हा तीन वेळा टूं.

काढून पुन्हा लावल्या. एकच लावली. दुसरी लावली. तीच शिट्टी. दीपकला फोन केला तर उचलेना; तो लांज्याला कुठल्याशा बँकेचं काम करत होता, ते नंतर कळलं. तेवढ्यात दारात कोणी पावतीसाठी आलं, मग दुसरं आलं. मी बाहेर खिडकीवर पंधरा-वीस मिनिटं होते. परत आले तेव्हा अब्बा बाकावर निवांत बसलेले.

साडेबाराला वारा सुटला. एकदम, दारं आपटायला लागली. मोबाईलवर इशारा आला की होड्यांनी ताबडतोब किनारा गाठावा. मी वायरलेस उचलला आणि एकेकाला हाक मारली. सगळ्यांनी उत्तर दिलं. उमेरनं दिलं नाही.

"उमेर, ऑफिस बोलतंय. उमेर, ऐकतोस काय?"

नुसती खरखर. मी दहादा हाक मारली असेल. मग लक्षात आलं, आपण सवयीनं मान वळवून पडद्याकडे बघतोय, आणि पडदा काळा आहे.

दीडला सगळ्या होड्या आल्या. एक सोडून. चेअरमन काशीरामभाऊ भिजलेले तसेच आत आले. "इरम, तटरक्षकवाल्यांना फोन लावलाय. ते उमेरची शेवटची जागा विचारतायत. आकडे दे."

"भाऊ, आकडे कॉम्प्युटरात आहेत."

"मग काढ ना!"

मी उघड्या डब्याकडे बोट दाखवलं. काशीरामभाऊंनी फोन पुन्हा कानाला लावला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हटलं, जाऊ दे ती फुकटची रॅम, जुनी घालू, दोन मिनिटांत चालू होईल. जुन्या पट्ट्या घातल्या. बटण दाबलं.

टूं, टूं, टूं.

या अल्ला! सकाळपर्यंत चालत होत्या ह्याच! मी खुर्चीवर बसले आणि मला रडूच यायला लागलं. भाऊ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "पाच माणसं आहेत साहेब, पाच. नाही, जागा अजून नाही मिळाली." समुद्र केवढा, आणि शोधणार कुठे? एक आकडा हवा होता फक्त. तो हातभर अंतरावर त्या पत्र्याच्या डब्यात होता आणि मी त्याचं दार स्वतः बंद केलं होतं.

तेवढ्यात दीपकचा फोन आला. व्हिडिओ लावायला सांगितला.

"ताई, रडू नका. नवीन पट्टी दाखवा. एका बाजूच्या मोठ्या काळ्या चिपा मोजा."

"नऊ."

"जुनीच्या?"

"आठ."

"बस्स. नऊवाली सर्व्हरची आहे, मोठ्या कंपनीच्या मशीनची. खाच तीच असते, पण आपला बोर्ड तिला ओळखत नाही. म्हणून फोटो मागत होतो. असो. जुनी जवळ आणा. अजून जवळ. ही खालून एवढी चमकतेय का?"

मी बोट फिरवलं. बोट चिकट झालं. वास ओळखीचा होता.

मी अब्बांकडे बघितलं. ते म्हणाले, "अगो, त्या पितळी दातांना हिरवा खार चढलेला. म्हटलं जरा हात फिरवतो. तू बाहेर होतीस तेव्हा."

मी काय बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतंय, आणि विसरता आलं तर बरं होईल. मी म्हणाले, "माझा नवरा तुमच्या हातानं मारलात तुम्ही!" भाऊंसमोर म्हणाले, दीपकला फोनवर ऐकू जाईल असं म्हणाले. अब्बा उठून उभे राहिले. लुंगीला हात पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसत राहिले.

दीपक फोनमधून ओरडला, "ताई, भांडण नंतर! बोर्डावरच्या ज्या खाचांत जुन्या घातल्या तिथेही आता ग्रीस लागलं असणार. बाजूच्या दोन खाचा कधी वापरल्यात?"

"कधीच नाही."

"मग त्या वापरायच्या. एकच पट्टी साफ करा. औषधाच्या पेटीत स्पिरिट असेल, कापूस असेल. पुसा, सुकू द्या, मग खोडरबर घासा. घाई करू नका."

घाई करू नका म्हणे! मी कापूस घेऊन एकेक दात पुसला. इकडे पत्रे वाजतायत, तिकडे भाऊंच्या फोनवर तोच प्रश्न पुन्हा. माझ्या डोक्यात एकच, उमेरला पोहता येतं, पण किती वेळ? लवू खलाशाला तर धड पोहताही येत नाही. पट्टी सुकेपर्यंत मी फुंकर मारत बसले होते, तेवढ्यात कळलं की तोंडानं दुआ चाललीय. कोरड्या ब्रशनं बाजूची खाच झाडली, पट्टी बसवली. बटण दाबायला हात पुढे होईना. यावेळी शिट्टी आली तर पुढे करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शेवटी भाऊंनी दाबलं.

एकच बारीक टूं. मग पडदा उजळला.

होड्यांच्या जागांची यादी उघडायला सहा मिनिटं लागली, एवढ्याशा रॅमवर. उमेरच्या होडीचे शेवटचे आकडे सापडले. मी ते फोनवर वाचून दाखवले, दोनदा. तटरक्षकच्या साहेबांनी विचारलं, "वेळ काय?"

"अकरा वाजून चार."

"आता सव्वातीन वाजलेत. त्यानंतरची जागा नाही?"

"नाही."

"का?"

"कॉम्प्युटर बंद होता."

मग साहेब म्हणाले, ठीक आहे, वाऱ्याची दिशा धरून शोधतो.

त्यानंतरचे तीन तास मी सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही. मी पडद्यासमोर बसले होते आणि बाण दिसत नव्हता. अब्बा आत आले नाहीत, बाहेर पायरीवर वाऱ्यात बसले होते.

दिवस मावळला, मगरिबची अजान झाली आणि भाऊंचा फोन वाजला. होडी सापडली. वाऱ्यानं बरीच खाली दक्षिणेला, गणेशगुळ्याच्या बाजूला वाहत गेलेली. पाचही जण जिवंत.

धक्क्यावर उमेर उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. ऑफिसात आणून त्याला चहा दिला. कप दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला, "बाराच्या सुमाराला बॅटरीचं टोकच तुटून आलं. खार खाऊन नुसती भुकटी झालेली. इंजिन गेलं, वायरलेस गेला, सगळंच गेलं. अब्बा, तुम्ही तीनदा म्हणालात ग्रीस लाव म्हणून. मी हसलो तुम्हाला."



मग उमेर माझ्याकडे वळला. "पोरं घाबरली होती गो. लवू उडी मारायला निघालेला, म्हणे पोहत जातो. मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, गप बस, इरम बघतेय. आपला बाण थांबलेला तिला दिसला असेल, तिनं केव्हाच माणसं पाठवली असतील. तासभर हेच सांगत होतो त्यांना. इरम बघतेय."

अब्बा पटकन म्हणाले, "चूक माझी हाय. माझ्या हातचं ग्रीस लागलं त्या यंत्राला."

"अब्बा, गप्प बसा तुम्ही," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा, पण ह्या वेळी त्यांच्यावर नव्हता. "उमेर, अकरा वाजता मी कॉम्प्युटर बंद केला. होड्या बाहेर असताना. दीपक सांगत होता ते ऐकलं नाही, चिपा मोजल्या नाहीत. अब्बांच्या हाताआधीच तो बंद पडला होता."

"म्हणजे बाराला तू बघत नव्हतीस?"

"नव्हते."

त्यानं कप खाली ठेवला. रागावला नाही. वळून पडद्याकडे बघितलं.

चार दिवसांनी दीपकनं बोर्डाचं नाव बघून, जुनी पट्टी हातात धरून, आठ चिपांच्या दोन पट्ट्या आणल्या. शेवटचा बाण धक्क्याला लागल्यावर बसवल्या. अब्बांचा हात धरून मी त्यांना उमेरच्या होडीवर नेलं आणि ग्रीसचा डबा त्यांच्या हातात दिला. माफ करा म्हणाले. ते म्हणाले, "धर हा कंदील नीट, टोक दिसू दे मला."

आता नकाशा अडकत नाही. उमेर रोज पहाटे निघताना दारात थांबतो आणि विचारतो, "आज बघतेयस ना?" मी हो म्हणते. पूर्वी कधी विचारत नव्हता तो.