कुंकवाखालची चीर

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. मोटारसायकलचं नव्हे हं, बर्फावरच्या हॉकीचं! आणि राहतो कुठे, तर मालवणात, समुद्राला लागून असलेल्या एका कौलारू घरात. इथे बर्फ म्हणजे बांगडा-पापलेटवर पसरायची वस्तू. त्यावर कुणी खेळतं, हे इथे सांगूनही खरं वाटत नाही.

माझा जन्म दूरच्या थंड मुलखातल्या कारखान्यात झाला. बाहेरून कडक कवच, आतून मऊ फोम, तोंडापुढे तारांची जाळी, हनुवटीखाली पट्टा. आम्हा सगळ्यांना जन्मतःच एक काम सांगितलेलं असतं. मार आला की तो आपण खायचा, डोक्यापर्यंत पोचू द्यायचा नाही.

दोन हजार तीन साली महादू तिथल्या बंदरातल्या आमच्या दुकानात आला. तो मालवाहू जहाजावरचा खलाशी. त्याचा मुलगा यतीन कुडाळला सिमेंटच्या पटांगणावर चाकांचे बूट घालून हॉकी खेळायचा आणि वरचेवर कपाळ फोडून घ्यायचा. महादूने आधी एक भलंमोठं हेल्मेट उचललं. वाढत्या अंगाचं, शाळेचा गणवेश घेतात तसं! दुकानदाराने ते त्याच्याच डोक्यावर ठेवून टिचकी मारली, तर ते घसरून नाकावर आलं. महादू हसला. मग त्याने खिशातून जाळं विणायचा दोरा काढला. घरून निघताना तो दोरा मुलाच्या डोक्याभोवती धरून त्याने मापाला गाठ मारली होती. एकेका हेल्मेटात तो दोरा फिरवून पाहू लागला. माझ्यात तो नेमका बसला, आणि मी मालवणचा झालो.

महादूची बायको सत्यवती मासे विकते. मला पाहून ती म्हणाली, "ह्या काय हाडलात? कोंबडी झाकूक?"

"गो, बर्फार हॉकी खेळतत ना, तेंचा ह्या."

"बर्फार खेळतत? मगे माशे खंय ठेवतत ते?"

पुढची वर्षं सुखाची गेली. यतीनचा घाम माझ्यात मुरला. माझ्या अंगावर ओरखडे उठले, तेच माझे दागिने. पण एका सामन्यात यतीन भिरभिरत जाऊन लोखंडी खांबावर आपटला. कट्कन आवाज झाला. तो माझ्या आतला होता, मित्रांनो. यतीन कपडे झटकत उठला. त्या दिवशी कुडाळच्या बाजाराला आलेली सत्यवती माशांची टोपली टाकून धावत आली होती. तिने आधी लेकाला कवटाळलं आणि मग मला.

त्या दिवसापासून मी घरचा राखणदार झालो. देवघराशेजारच्या खुंटीवर मला जागा मिळाली. दर दसऱ्याला कोयता, वल्हं आणि मी एका ओळीत बसायचो. गोंड्याचं फूल, आंब्याचं पान. आणि जिथे मार बसला होता, नेमकं तिथेच सत्यवती हळद-कुंकू लावायची.

तिथेच माझी चीर होती. केसाएवढी बारीक. ती कुंकवाखाली झाकली गेली. खाऱ्या वाऱ्याने आतला फोम सुकत गेला, चीर हळूहळू लांबत गेली. येणारे-जाणारे हात जोडत, आणि मी वरून साजरा, आतून पोकळ, खुंटीवर लटकत राहिलो. वाटायचं, आता कुणाचं डोकं माझ्या भरवशावर येणार आहे? लटकू दे असंच.

पण आलं. दोन हजार नऊच्या अखेरीस यतीनच्या धाकट्या बहिणीची, त्याच्यामागोमाग हॉकी खेळू लागलेल्या वर्षालीची निवड झाली, लेहच्या शिबिरासाठी. खऱ्या बर्फावरच्या हॉकीसाठी!

यतीन म्हणाला, "थंय शिबिरात हेल्मेट वापराक गावता. बघून, घालून घेवचा फक्त."

"लोकांनी वापरलेला कित्याक?" सत्यवती म्हणाली. "आमचो राखणदार आसा मां! तुका वाचवल्यान, तो तिका वाचवतलोच."

वर्षालीने मला डोक्यावर चढवलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. तिचं कपाळ माझ्या सुकलेल्या फोमला टेकलं. बर्फ सिमेंटसारखाच कठीण, त्यावर वेग दुप्पट. एकच धक्का पुरेसा होता. मी दुभंगलो असतो आणि उरलेला मार सरळ तिला बसला असता. मी ओरडत होतो, "मला नेऊ नका!" पण मला जाळी आहे, तोंड नाही.

निघायच्या सकाळी दाजी देवापुढे गाऱ्हाणं घालायला आले. दाजी म्हणजे महादूचे थोरले भाऊ. पाट मांडला, पानविडा ठेवला. सत्यवती नारळ निवडू लागली. पहिला कानाशी हलवला, बोटाच्या पेराने वाजवला. बद्द. बाजूला ठेवला. दुसरा वाजवला. टण्. तो पाटावर ठेवला. मग मला पाटावर ठेवायला उचललं आणि त्याच सवयीच्या हाताने माझ्यावरही टकोरा मारला.

बद्द.

ती थांबली. तिने दुसऱ्या अंगाला वाजवलं. टण्. पुन्हा कुंकवावर. बद्द.

"गो, उशीर होता. राखणदाराक काय वाजवतंस?" दाजी म्हणाले.

"भावजीनू, बद्द नारळ ठेवश्यात देवापुढे?"

सत्यवतीने पदराचं टोक घेतलं. लावलेलं कुंकू पुसायचं होतं, म्हणून तिने आधी देवाला हात जोडले. तिने ते पुसलं. यतीनने अंगठ्याने दाबलं, तशी चीर ओठांसारखी उघडली.

"आये गो!" वर्षाली पुटपुटली. सत्यवतीने मला पाटावर न मांडता भिंतीशी ठेवलं. मित्रांनो, मला इतका मान कधीच मिळाला नव्हता.

दाजींनी घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा! ह्या चेडू, वर्षाली, बर्फाच्या मुलखात चल्लासा. तेच्या वाटेर काय आडवा-तिडवा असात, ता दूर कर. आणि तेका बरासा एक हेल्मेट गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. भिंतीशी बसून मीही म्हणालो.

काळजी मात्र सुटली नाही. घाईत भलतंच उचललं तर? सैल निघालं तर? फोन लागत नव्हता. सत्यवती मासे विकून आली की आधी मोबाईल बघायची, मग पाय धुवायची. शेवटी एका संध्याकाळी तो वाजला आणि यतीनने आवाज मोठा केला.

"आये, खोलीभर हेल्मेटां होती! एक घातलंय, ता घट्ट. दुसरा मान हलवल्यार फिराक लागला. तिसरा हल्लां नाय. पट्ट्याखाली बोट जाता."

"वाजवलंस?"

"वाजवलंय गो! शिकवणारी मॅडम हसाक लागली. मगे सगळी चेडवां वाजवूक लागली."

"हसांदेत. कसा वाजला?"

"टण्!"

सत्यवतीने डोळ्यांना पदर लावला. मी खुंटीवर नव्हतो, तरी माझा भार उतरला.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. ज्याने तुमच्यासाठी एकदा मोठा मार खाल्ला, त्याला पुन्हा मारापुढे उभं करू नका. त्याला विसावा द्या. डोक्यावर काही चढवण्याआधी ते नीट बसतं का पाहा, आतून तपासा. आणि माझ्यासारख्याची पूजा करायची असेल तर खुशाल करा, पण आधी वाजवून बघा.

आता मी पडवीत असतो. माझ्यात गवत घातलंय आणि एक तांबडी कोंबडी रोज येऊन बसते. सत्यवती अंडं काढायला वाकते, तेव्हा सवयीने माझ्यावर टकोरा मारते.

बद्द.

"आसांदे बद्द," ती म्हणते आणि ऊबदार अंडं पदरात घेऊन आत जाते.