आडवी निळी व्हॅन

संशय हा पाहुणा मोठा निर्लज्ज. त्याला बोलावणं लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. दाराच्या फटीतून शिरतो आणि एकदा का आत बसला, की घरच्या माणसालाच विचारतो, "तुम्ही कोण?" त्या घरात तो शिरला तो मात्र खिडकीतून. पहिल्या मजल्यावरच्या त्या खिडकीशी सुनेचं शिवणयंत्र होतं. लोकांच्या विजारी आखूड करायच्या, सैल झालेले झगे आवळायचे, तुटलेल्या चेनी बदलायच्या, असं तिचं काम. डोळा सुईवर असला तरी कान खाली रस्त्यावर असत. त्या सकाळी एका कोटाचं अस्तर उसवताना तिनं सहज खाली पाहिलं, तर फुटपाथवर एक निळी व्हॅन आडवी उभी.

"आली का अवदसा!" ती म्हणाली.

गल्लीत तिला 'फौजदारीण' म्हणत, ते उगाच नव्हे. हा फुटपाथ तिनं एकेक गाडी हाकलून मोकळा केला होता. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आपली लांबलचक गाडी वर चढवायचे आणि म्हणायचे, "दोनच मिनिटं हो, ताई." तिनं एकदा त्यांच्या पेशंटांदेखत सुनावलं, "डॉक्टर, तुमची दोन मिनिटं म्हणजे तुमच्या 'जरासंच दुखेल'सारखी. खुर्चीतून उठल्यावर कळतं!" त्या दिवसापासून डॉक्टरांची गाडी मागच्या अंगणात गेली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणायचा, "वहिनी, तुम्हाला बघून गाड्या आपोआप सरळ होतात. माझ्या इस्त्रीचं काय काम?"

पण हा हौसेचा कारभार नव्हता. हे सारं होतं ते सासऱ्यांसाठी.

सासरे हाडाचे काचवाले. जन्मभर खिडक्यांना तावदानं आणि दुकानांना दर्शनी काचा बसवल्या. शेवटी दोन्ही डोळ्यांत काचबिंदू झाला आणि दिसणं गेलं. ते स्वतःच हसून सांगत, "आयुष्यभर काच लोकांच्या घरी पोचवली, शेवटची तेवढी देवानं माझ्याकडे पाठवली." घरात त्यांना सगळं हातात मिळे. चहा हातात, औषध हातात, टॉवेल हातात. एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती. रोज सकाळी पांढरी काठी घेऊन एकट्यानं जिना उतरायचा, भिंतीच्या कडेकडेनं फुटपाथवरून न्हाव्याच्या दुकानापर्यंत जायचं, तिथे मोठ्यानं वाचलं जाणारं वर्तमानपत्र ऐकायचं आणि एकट्यानं परत यायचं. ती वाट चालून आले की त्यांचा चेहरा असा दिसे, जणू कुणाचं देणं फेडून आलेत.

त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, बस चालवायचा. त्यानं एकदाच पण ठाम सांगितलं होतं, "बाबांना रस्त्यावर उतरावं लागतंय असं मला कळलं ना, तर त्यांचं बाहेर जाणं त्या दिवसापासून बंद. काठीवाला माणूस ड्रायव्हरला किती उशिरा दिसतो, ते मला विचार."

म्हणून निळी व्हॅन बघताच तिनं हातातला कोट खाली टाकला. व्हॅन उभी होती ती बंद पडलेल्या छापखान्यासमोर. तिथे फुटपाथ आधीच अरुंद. व्हॅनचं नाक पार भिंतीला टेकलेलं. पुढे जायचं तर खाली रस्त्यावर उतरण्यावाचून गत्यंतर नाही. ती चपला शोधेपर्यंत सासरे तिथवर पोचलेही होते. काठी पत्र्यावर वाजली. ते थांबले. ती ओरडणार, तोच छापखान्याच्या दारातून टोपी घातलेला एक म्हातारा पुढे आला. त्यानं सासऱ्यांचा हात धरला, फुटपाथवरून खाली उतरवलं, व्हॅनला वळसा घालून पुन्हा वर चढवलं आणि बाजूला झाला. एक शब्द बोलला नाही.

'भला माणूस दिसतोय,' तिनं स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशीही व्हॅन तिथेच, टोपीवालाही तिथेच, आणि तोंड तसंच बंद. तिसऱ्या दिवशीही तेच, जाताना आणि येताना. भलेपणा असा वेळापत्रकानं येत नसतो.

संध्याकाळी चहा देताना तिनं आडून विचारलं, "बाबा, वाटेत काही अडचण नाही ना?"

"कसली अडचण?"

"गाडीबिडी आडवी?"

"छे! वाट कशी लोण्यासारखी."

"कुणी भेटलं?"

"आता भेटायला उरलंय कोण? काही वर गेले, काही बोलेनासे झाले." असं म्हणून त्यांनी बशी धरली आणि बोटाच्या नखानं बशीवर तीनदा टकटक केली.

ही त्यांची नेहमीची खूण. टकटक झाली की वस्तू त्यांच्या हातात पक्की आली, आता समोरच्यानं सोडावी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे ऐकत होती. डोळे अधू झाल्यापासूनची सवय असणार, असं तिनं धरलं होतं. त्या संध्याकाळी तिनं बशी सोडली खरी, पण मनातून काहीतरी सुटेना. बाबा खोटं बोलले होते. जो माणूस दुधात पाणी जास्त झालं तरी दूधवाल्याला तोंडावर सांगतो, तो आपल्या सुनेशी खोटं बोलला!

मग काय! देवानं माणसाला डोळे दिले दोन, पण संशयाला ते पुरत नाहीत. त्याला जिथे तिथे दिसायला लागतं. बाबांनी अलीकडे इस्त्रीचा सदरा मागायला सुरुवात केली होती, ते दिसलं. त्यांच्या बाहीला कसलासा तेलकट वास येत होता, तो आला. इस्त्रीवाला म्हणाला, "वहिनी, बाबांना रोज कडक सदरा लागतो. मुलगी बघायला जातात की काय?" तो हसला, तिला हसू आलं नाही. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांशी गोड वागून घरांच्या कागदांवर अंगठे घेणारी माणसं असतात, हे तिनं ऐकलं होतं. आणि हा माणूस तर गोडही वागत नव्हता, नुसता मुका होता. न बोलता विश्वास कमावणारा म्हणजे त्यातला मुरलेला असणार!

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की बाबांची वाट बंद. खाली जाऊन भांडावं तर गल्लीभर बोभाटा, आणि तो नवऱ्याच्या कानी जाणारच. तेव्हा तिनं व्हॅनच्या वायपरखाली चिठ्ठी लावली, 'फुटपाथ माणसांसाठी आहे.' दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गायब, व्हॅन हजर. तिनं आणखी मोठ्या अक्षरात लावली. तीही गेली.

शेवटी एके सकाळी ती बाबांच्या मागोमाग जिना उतरली आणि इस्त्रीच्या टपरीआड उभी राहिली. टोपीवाला आला. हात धरला. उतरवलं, चढवलं. पण हात सोडला नाही. थांबून राहिला, जणू कशाची तरी वाट बघतोय. बाबांनी त्याच्या मनगटावर बोटानं तीनदा टकटक केली, आणि तेव्हा कुठे त्यानं हात सोडला.

ही घरातली खूण! फक्त त्यांच्या चौकटीतली. ती या परक्याला कशी ठाऊक? आणि बाबांनाही माहीत होतं, की हा माणूस ती खूण ओळखतो.

"काय झालं वहिनी? भूत बघितलंत?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"भूत परवडलं. त्याला गाडी तरी नसते," ती म्हणाली आणि तडक वाहतूक शाखेच्या कचेरीत गेली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बाई, अशा गाड्या शहरभर आहेत." ती म्हणाली, "असतील. माझा आंधळा सासरा एकच आहे." त्यानं तक्रार लिहून घेतली. उद्या सकाळी क्रेन पाठवतो म्हणाला.

आणि क्रेन आली. वेळेवर आली हेच नवल. क्रेनवरच्या जाड्या माणसानं साखळ्या अडकवल्या, तोच छापखान्याच्या दारातून टोपीवाला धावत सुटला. दोन्ही हात हलवत होता, पण तोंडातून आवाज नाही.

"गाडी तुमची?" जाड्या म्हणाला. "मग बोला की! तोंडाला कुलूप घातलंय का?"

टोपीवाल्यानं तोंड उघडलं. इतक्यात मागे काठीची टिकटिक ऐकू आली. बाबा येत होते. त्यानं तिकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड घट्ट मिटून घेतलं. त्याच्या डोळ्यांदेखत व्हॅन उचलली गेली, अधांतरी लोंबकळली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. एक शब्द बोलला असता तर कदाचित वाचली असती. त्यानं गाडी जाऊ दिली, शब्द जाऊ दिला नाही.

हे सगळं तिनं बघितलं. आतापर्यंतचा तिचा संशय एका रेषेत धावत होता, तो इथे अडखळला. घरं गिळणारा माणूस स्वतःची गाडी अशी सोडून देत नाही.

बाबा छापखान्यापाशी आले. काठी पुढे फिरवली. पत्रा नाही. डावीकडे भिंत, समोर मोकळा फुटपाथ. खरं तर सरळ निघून जायचं. पण ते तिथेच उभे राहिले. कडक इस्त्रीचा सदरा, मान किंचित कललेली, आणि चेहऱ्यावरचं ते रोजचं तेज कुठल्या कुठे.

तिनं टोपीवाल्याला बाहीला धरून छापखान्याच्या दारात ओढलं. बाहीला तोच तेलकट वास.

"कोण तुम्ही? काय हवंय तुम्हाला बाबांकडून?"

"हळू!" तो कुजबुजला. "माझा आवाज ऐकला तर हात काढून घेईल. आमचं बोलणं नाही."

"पण आहात कोण?"

"काचेचं दुसरं टोक," तो म्हणाला.

तो वास म्हणजे काचा बसवायच्या पुट्टीतल्या तेलाचा, हे तिला आत्ता उमगलं. मग त्यानं सांगितलं. दुकानांच्या मोठमोठ्या काचा दोघं मिळून न्यायचे. पुढे हा, मागे बाबा. रस्त्याच्या गोंगाटात हाका ऐकू यायच्या नाहीत. म्हणून मागच्यानं पक्कं धरलं की काचेवर नखानं तीनदा टकटक करायची. ती काचेतून थेट पुढच्याच्या तळहातात उतरायची, आणि मगच पुढच्यानं पाऊल उचलायचं. एक दिवस एक भली मोठी काच मध्येच फुटली. बाबा म्हणाले, मी ठोकलं नव्हतं, तू आधीच का निघालास? हा म्हणाला, ठोकलंस म्हणून निघालो. काच एकदाच फुटली, भांडण मात्र रोज नव्यानं फुटत राहिलं. नंतर बोलणंच थांबलं.

"पहिल्या दिवशी गाडी खरंच चुकून लावली," तो म्हणाला. "शेजारी एक खिडकी बसवायची होती. बघतो तर हा समोर, हातात काठी. डोळे गेल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं, पोरी. अडला होता, म्हणून हात दिला. तर सोडताना यानं मनगटावर ठोकलं. मग दुसऱ्या दिवशी खिडकी नव्हती, तरी गाडी आणली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण फौजदारकी काही सुटली नाही. "म्हणजे हात देता यावा म्हणून आधी वाट अडवायची? हे पुण्य आहे की पाप? अहो, ती समोरची पोर बाबागाडी घेऊन रोज बसच्या तोंडासमोर उतरते. आणि बाबांना एखादी गाडी ठोकून गेली असती तर तुमचं कुठलं टोक पुरलं असतं?"

त्यानं टोपी काढून हातात घेतली. "चुकलं. त्याला धरलेलं असलं की मला दुसरं काही सुचत नाही."

"मग आता जा. हात द्या."

"आता कशाला? वाट तर मोकळी आहे. काय कारण सांगू?"

देवाची दारं उघडी असतात, पण माणसाला माणसाच्या दारात शिरायला निमित्त लागतं, आणि ते निमित्त तर क्रेननं नेलं होतं. तिनंच बोलावलेल्या क्रेननं. दोघं दारातून नुसती बघत राहिली.

तेवढ्यात बाबांनी काठी उचलली आणि फुटपाथच्या फरशीवर आपटली. एकदा. दोनदा. तीनदा. इस्त्रीवाल्याची इस्त्री थांबली. मग बाबांनी काठी काखेत मारली आणि रिकामा हात समोर धरला.

टोपीवाला निघाला तो जवळजवळ पळतच. हात हातात गेला.

"पोचलं का?" बाबांनी विचारलं.

"पोचलं," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी बाहेर पडलेला आवाज, जरा गंजलेला होता.

"मग नीट ऐक. ठोकणं म्हणजे हे असं. त्या दिवशी असलं काही मी केलंच नव्हतं."

"केलं होतंस."

"नव्हतं!"

"काच माझ्या हातात होती की तुझ्या तोंडात? मला लागलं ते काय होतं मग?"

"तुझी नाडी असेल! घाई तर तुला जन्मजात..."

असे बोलत दोघं निघाले, शेजारी शेजारी, हातात हात, सगळा फुटपाथ व्यापून. मागून बाबागाडीवाली पोर आली. दोनदा म्हणाली, "आजोबा, जरा वाट देता का?" कुणाला ऐकू जाईना.

इस्त्रीवाला म्हणाला, "वहिनी, आता यांना उचलायला कुठली क्रेन बोलवायची?"

तिनं पदरानं डोळे पुसले, घसा खाकरला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबा! एकामागे एक चाला!"