एकशे पंचवीस वर्षांच्या बाया

"बाईमाणसाला वय विचारायचं नाही गं. जन्मसालाचं जनावर विचारायचं, तोंडाकडं बघायचं आणि बारा जनावरांच्या बारा-बारा वर्षांच्या फेऱ्या मनातल्या मनात मोजायच्या," आसिलकानची आजी कणीक मळता मळता सांगायची. आजीला जाऊन सहा वर्षं झाली, आणि आसिलकानने दोनशे बारा पाहुण्यांना मोबाइलवर फॉर्म पाठवून सरळ जन्मतारीखच विचारली.

कारणही तसंच होतं. शार्शेनआजोबांची पंच्याहत्तरी चार दिवसांवर आली होती. त्रेसष्टी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात जांबाश, म्हणजे मेंढीच्या कमरेचं हाड, यायलाच हवं. आणि एका मेंढीला जांबाश असतात दोनच. सत्तरीच्या वेळी एका म्हाताऱ्याला चुकून बरगडी गेली. तेव्हापासून तो समोरून आला की आजोबांकडं पाठ करून उभा राहायचा.

"या वेळी एकही हाड चुकणार नाही, आजोबा. शब्द देते," ती म्हणाली होती.

नारीनच्या दूध डेअरीत ती दिवसभर संगणकावर आकडेच मांडायची. घरच्या संगणकालाही तिने समारंभाच्या सालातून जन्मसाल वजा करून प्रत्येकाचं वय काढायला लावलं, आणि ते त्रेसष्टच्या वर असेल तेवढीच माणसं मोजायला सांगितलं. बिस्मिल्ला म्हणून कळ दाबली. उत्तर आलं, चौऱ्याण्णव.

"सत्तेचाळीस मेंढ्या!" आजोबांची छाती फुगली. "ही आमच्या डोंगराची हवा! माणूस म्हातारं होतं, पण मरायचं नाव घेत नाही!"

त्यांनी लगेच मेंढपाळ सादिरला फोन लावला. तो म्हणाला, "शार्शेनदादा, माझा कळपच पन्नासाचा. मागं उरलेल्या तिघींनी एकमेकींशी बोलायचं तरी काय?"

तेवढ्यात समारंभासाठी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला आलेल्या ताजिकान एजेने, म्हणजे ताजिकानताईने, चष्मा लावून यादीत डोकं घातलं.

"हे काय गं? ताजिकान, वय एकशे पंचवीस? अगं, माझा नवरा माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. मग त्याला काय थडग्यातून उठवून लग्न लावलं होतं?"

आसिलकानने यादी वर सरकवली. अडुसष्ट बाया, आणि झाडून सगळ्या एकशे पंचवीसच्या! सगळ्यांनी तारखेची जागा रिकामी सोडली होती, आणि रिकामी जागा दिसली की तो मेला संगणक एकोणीसशे साल धरून मोकळा. खरे म्हातारे सव्वीस. पण या अडुसष्टांत आणखी किती? कमी धरल्या तर कुणाला तरी बरगडी. सगळ्या धरल्या तर सादिरचा कळप साफ.

"एजे, तुमची तारीख तरी घाला ना."

"त्या डब्यात? उद्या अख्खा बाजार वाचेल!"

आसिलकानने संगणक मिटला. "बरं. वर्ष कोणतं तुमचं?"

"घोडा," एजे लाजली.

म्हणजे एकोणसाठ, नाहीतर एकाहत्तर. आसिलकान तोंडाकडं बघत राहिली.

"बघतेस काय? मोज. पण हाड मला मिळायला हवं हं!"

"मिळेल. आणि आकडा माझ्या पोटात राहील."

"कुणालाच नाही सांगणार?"

"आजोबांनासुद्धा नाही."

तिने सादिरला थांबायला सांगितलं, आजीची शाल खांद्यावर घेतली, वहीत पेन्सिलीने एक छोटासा घोडा काढला आणि उरलेल्या सदुसष्ट जणींमधल्या पहिलीच्या घराकडं, आवाज न करता, निघाली.