शेजारणीचा जबाब

निरुपमाताईंनी शिकवणीच्या वह्या उचलून खुर्ची मोकळी केली, तेव्हा कुठे परमार बसले. वरच्या मजल्यावरच्या अमोघची संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवड झाली होती. गोपनीय कामावर घेण्याआधी शेजारी चौकशी करायला हे अधिकारी आले होते.

"मुलगा कसा आहे, बेन?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"सरळ आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"दारू वगैरे?"

"छे. कधीच नाही."

उत्तर इतकं झटकन आलं की निरुपमाताईंना स्वतःलाच बरं वाटलं. तीन वर्षांपूर्वी निजामपुऱ्याच्या वळणावर याच अमोघने पिऊन गाडी चालवताना त्यांची स्कूटर उडवली होती. मांडीचं हाड मोडलं. त्याची आई, कांचन, दवाखान्यात हात जोडून उभी राहिली, आणि निरुपमाताईंनी पोलिसांना सांगितलं, कुत्रं आडवं आलं. कुठे नोंद नाही, काही नाही. पुढे पाच महिने रोज सकाळी अमोघच त्यांना धरून व्यायामाला नेत होता.

परमारांनी उत्तर लिहून घेतलं आणि मग फाइल उघडली.

"त्याने फॉर्ममध्ये स्वतःच लिहिलंय, बेन. दारू, अपघात, सगळं. खात्रीसाठी तुमचंच नाव दिलंय."

निरुपमाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग माझं ते खोडा."

"खोडता नाही येत. खाली नवं लिहितो."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. तारीख, वळण, गाडीतून आलेला वास. पोलिसांना सांगितलेलं खोटंही. परमार मान वर न करता लिहीत होते.

"त्यानंतर कधी प्यायला?"

वर कांचन बादली सरकवत असल्याचा आवाज आला. या वेळी निरुपमाताईंनी घाई केली नाही.

"एकदा. गेल्या दिवाळीनंतर. जिन्यात बसून होता. मीच आत घेतलं, कॉफी दिली. त्याच्या घरी कुणाला माहीत नाही."

परमारांनी तेही लिहिलं.

"हे दिवाळीचंही त्याने लिहिलंय ना?" निरुपमाताईंनी विचारलं.

परमारांनी फाइल मिटली, जबाबाचा कागद त्यांच्याकडे फिरवला आणि पेन पुढे केलं.

"इथे सही करा, बेन."